वाजवणाऱ्याचे नाव



आपल्या धर्मग्रामाच्या मागच्या सणाला जे पत्रक छापले, त्यात आमच्या हातून एक गोष्ट राहून गेली. पत्रकावर मिस्साच्या वेळा होत्या, प्रवचनाला आलेल्या पाहुण्या धर्मगुरूंचे नाव होते, मंडप, जेवण आणि फुले यांसाठी देणगी देणाऱ्यांची यादी होती आणि सर्वांत वर, जरा ठळक अक्षरांत, आमचे नाव होते. गाण्याची बाजू 'गायनवृंद' या एका शब्दात उरकली होती. त्या दिवशी दीड तास ढोलकी वाजवणाऱ्या आपल्या बांधवाचे नाव कुठेच नव्हते.

पंगतीत त्यांच्या पत्नीने ते आमच्या कानावर घातले. सूर तक्रारीचा नव्हता. वाढता वाढता बोलल्या, "फादर, ह्यांचं नाव कुठंच येत न्हाई बघा. बँजोच्या गाडीवर मालकाचं, पत्रिकेवर नवरदेवाचं, अन् हितं देणगीवाल्यांचं."

आम्ही हसून म्हणालो, "अहो, देवाच्या वहीत आहे की नाव!" त्याही हसल्या आणि भाताची परात घेऊन पुढे गेल्या.

रात्री ते पत्रक पुन्हा हातात आले तेव्हा आमचे उत्तर आम्हांलाच टोचू लागले. देवाच्या वहीत आमचेही नाव असावे अशी आम्हांला आशा आहे. तरीही ते पत्रकावर ठळक छापायला आमची काही हरकत नव्हती. देणगीदारांनाही आम्ही देवाच्या वहीवर सोडले नव्हते; उलट एकाचे आडनाव चुकले म्हणून छापखान्यात दोनदा फोन केला होता. मग ती वही नेमकी ढोलकीवाल्याच्याच वेळी आम्हांला का आठवली?

हे उत्तर कुठे चुकले ते शोधावे म्हणून हा लेख लिहीत आहोत. वाट थोडी लांबून, मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंतून जाणारी आहे. त्याला कारणही हे बांधवच. आठवडाभर ते गॅरेजमध्ये काम करतात आणि लग्नसराईत एका बँजो पार्टीत वाजवतात. हायवेच्या मंगल कार्यालयांपुढे वरात निघाली की त्यांच्याकडे एका गाण्याची हमखास फर्माईश होते : 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस'. एकदा आम्ही त्यांना सहज विचारले, हे अँथनी गोन्साल्विस कोण हो? ते म्हणाले, "अमिताभ की, फादर!"

बरोबरच आहे. १९७७ साली आलेल्या मनमोहन देसाईंच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटात अमिताभ बच्चन ईस्टरच्या मेजवानीत एका भल्या मोठ्या अंड्यातून बाहेर येतात आणि हे गाणे म्हणतात. (ईस्टरचा आणि असल्या अंड्याचा संबंध आमच्या धर्मशिक्षणाच्या मुलांनी आम्हांला अनेकदा विचारला आहे. तो विषय पुन्हा कधीतरी.) आवाज किशोरकुमार यांचा, शब्द आनंद बक्षींचे, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. इतकी नावे पुष्कळांना ठाऊक आहेत. पण अँथनी गोन्साल्विस नावाचे खरेखुरे गृहस्थ होऊन गेले, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्यांचा जन्म १९२७ साली गोव्यातील माजोर्डे या गावी झाला. वडील गावच्या चर्चमध्ये गायनवृंद शिकवीत. त्या काळी गोव्यात चर्चला जोडून संगीताची शाळा असे. तिथला शिक्षक, ज्याला गोवेकर मेस्त म्हणत, तो मुलांना आधी स्वरलिपी वाचायला आणि मग व्हायोलिन धरायला शिकवी. मुख्य हेतू एवढाच की रविवारी मिस्सात कोणी वाजवणारे असावे. पुढे पोटापाण्यासाठी ही मुले मुंबईला आली. धोबीतलावच्या बाजूला गावागावाच्या 'कूड' असत, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या खोल्या. तिथे ती राहू लागली आणि हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवू लागली. मग बोलपट स्थिरावला आणि त्याला मोठा वाद्यमेळ लागू लागला. आपल्याकडचे उत्तम वादक कानाने शिकलेले. पण समोर कागद ठेवल्याबरोबर चाळीस जणांनी एकाच वेळी तंतोतंत तेच वाजवायचे, तर कागद वाचता आला पाहिजे. तो या गोवेकरांना येत होता. खेड्यातल्या मेस्तने मिस्सासाठी दिलेली विद्या अशी सबंध देशाच्या करमणुकीला पुरली.

अँथनी गोन्साल्विस १९४३ साली मुंबईत आले आणि नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागले. पुढे त्यांनी अनेक संगीतकारांसाठी वाद्यमेळाची रचना केली. ते शिकवीतही असत, आणि प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी. आपल्या रागसंगीताला पाश्चात्त्य वाद्यमेळात बसवावे हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी त्यांनी १९५८ साली स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्याचा कार्यक्रम झाला आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे गायले. १९६५ साली ते अमेरिकेला गेले. परत आल्यावर चित्रपटांकडे वळले नाहीत, माजोर्ड्यालाच राहिले. १८ जानेवारी २०१२ रोजी ते वारले.

चित्रपटातल्या पात्राला हे नाव द्यावे अशी सूचना प्यारेलाल यांची. गुरूचे ऋण फेडण्याची ही रीत आम्हांला मनापासून आवडते. पण तिचे पुढे काय झाले पाहा. नाव गल्लोगल्ली गेले, बँजोवर गेले, वरातीत नाचले. माणूस मात्र नावाबरोबर गेला नाही. आपल्या बांधवाने शेकडो वेळा ज्यांचे नाव वाजवले, ते आपल्यासारखेच एक वाजवणारे होते हे त्यांना माहीत नव्हते. आम्ही सांगितले तेव्हा त्यांनी काही क्षण विचार केला आणि विचारले, "म्हंजे व्हायोलिनवाले व्हय? अन् मग त्यांचं नाव पिक्चरला दिलंवतं का?" म्हणजे गाण्यात नव्हे, पडद्यावर, कामाबद्दल.

हा प्रश्न आम्हांला कळीचा वाटतो.

सिनेमाचे गाणे कसे तयार होई, ते ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. संगीतकार पेटीवर चाल बांधी. गीतकार शब्द देई. पण गाणे सुरू होण्यापूर्वी जे वाजते, दोन कडव्यांच्या मधे जे वाजते, गायक श्वास घेतो तिथे मागून जी व्हायोलिने उसळतात, ते सारे कोणीतरी बसून कागदावर लिहावे लागे. ते काम अरेंजरचे. काही संगीतकार हे तुकडेही स्वतः सुचवीत, काही नुसते गुणगुणून दाखवीत, आणि काही ते सर्वस्वी अरेंजरवर सोपवीत. मग वादक येत. सगळे एकाच वेळी, गायकासह. आजच्यासारखे प्रत्येकाचे वेगळे ध्वनिमुद्रण करून जोडण्याची सोय तेव्हा नव्हती. एकाचा हात चुकला की सर्वांनी पहिल्यापासून. सकाळी आलेला वादक संध्याकाळी आपले पैसे घेऊन घरी जाई आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या स्टुडिओत, दुसऱ्या गाण्याला. हे गाणे कोणत्या चित्रपटाचे, हेही पुष्कळदा त्याला ठाऊक नसे.

शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतील तो भरगच्च वाद्यमेळ दोन दशकांहून अधिक काळ लिहीत होते सबॅस्टियन डिसोझा. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात त्यांचा बँड होता. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५१ साली 'अलबेला'त सगळ्या महाराष्ट्राला नाचवले. त्यांच्या मागे ट्रंपेट घेऊन उभे होते हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, जे 'चिक चॉकलेट' नावाने वाजवीत. फ्रँक फर्नांड ट्रंपेट आणि व्हायोलिन दोन्ही वाजवीत. त्यांनी पुढे 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले. कदाचित कुठेतरी आपले नाव मोठ्या अक्षरांत दिसावे, असे त्यांनाही वाटले असेल. सगळेच गोवेकर होते असेही नाही. कावस लॉर्ड आणि त्यांचे मुलगे केरसी व बुजी हे पारशी. सॅक्सोफोनवाले मनोहारी सिंग मूळचे नेपाळी घराण्यातले. 'आराधना' (१९६९) मधील 'रूप तेरा मस्ताना' हे गाणे आपण किशोरकुमारांचे म्हणतो, काही जण राजेश खन्नांचे म्हणतात. त्यात मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आणि केरसी लॉर्ड यांचे अ‍ॅकॉर्डियन काढून टाका आणि मग म्हणून पाहा. आपल्या लोकांत गाणे ओठ हलवणाऱ्याचे होते, ही मोठी मौज आहे.

मराठीतही तेच. 'पिंजरा' (१९७२) म्हटले की शांताराम आठवतात, राम कदम, खेबुडकर, उषा मंगेशकर आठवतात. ज्या ढोलकीवर अवघा सोलापूर जिल्हा डोलला, ती वाजवणाऱ्याचे नाव विचारा, सगळे एकमेकांकडे पाहतील. अपवाद आहेत, आणि ते सांगितलेच पाहिजेत. 'गीतरामायणा'त व्हायोलिन वाजवणारे, सुधीर फडके यांचे सहाय्यक प्रभाकर जोग पुढे 'गाणारे व्हायोलिन' म्हणून घरोघरी पोचले. ढोलक वाजवणारे दत्ताराम वाडकर यांचा ठेका तर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. शंकर-जयकिशन यांच्या चित्रपटांच्या नामावलीत 'सहाय्यक' म्हणून दत्ताराम आणि सबॅस्टियन ही नावे येत, हेही खरे. पण सहाय्यक म्हणजे कशात सहाय्य, ते मात्र कुठे लिहिलेले नसे.

आणि एके काळी गायकाचीही हीच गत होती. १९४९ सालच्या 'महल' चित्रपटातील 'आयेगा आनेवाला' या गाण्याच्या पहिल्या तबकडीवर गाणारीचे नाव छापले होते 'कामिनी'. कामिनी हे मधुबालाच्या पात्राचे नाव. गाणाऱ्या लता मंगेशकर यांचे नाव तबकडीवर नव्हते. लोकांनी रेडिओला पत्रे पाठवून ही कोण गाते असे विचारले, तेव्हा ते बाहेर आले. पुढे फिल्मफेअरच्या समारंभात गाण्यास लताबाईंनी नकार दिला, कारण गाणाऱ्यांसाठी तिथे पुरस्कारच नव्हता. तो १९५९ सालापासून सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला. म्हणजे 'गाणारी ही पडद्यामागचीच' हा काही सृष्टीचा नियम नव्हता. तो रिवाज होता, आणि कोणीतरी अडून बसल्यावर तो मोडला. व्हायोलिनच्या तिसऱ्या रांगेतला माणूस असा अडून बसता, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीवर दुसरा बसला असता.

आता कोणी म्हणेल, त्यांना पैसे मिळाले ना? मिळाले. हॉटेलांपेक्षा बरे मिळाले. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने या वादकांना भेटून २००८ साली 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक लिहिले, म्हणून त्यांच्यापैकी कित्येकांचे म्हणणे आज आपल्याला वाचायला तरी मिळते. फसवून कोणी कोणाला आणले नव्हते. काम ठरले, दाम दिला. मग देणे कसले राहिले?

पुण्याला सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना सेनेका या रोमन विचारवंताचा उपकारांवरचा ग्रंथ आम्हांला वाचावा लागला. परीक्षेपुरता वाचला आणि विसरलो. पण त्यातला एक युक्तिवाद मनात राहिला आहे. सेनेका म्हणतो की वैद्याला आणि शिक्षकाला आपण जे देतो, ते त्यांच्या वेळेचे आणि कष्टाचे मोल असते. जीव वाचला किंवा विद्या आली, त्याचे मोल दिलेले नसते, कारण ते करताच येत नाही. म्हणून पैसे चुकते केले तरी माणूस त्यांचा ऋणी राहतो. यावर तो एक बारकावाही सांगतो, आणि तो आम्हांला फार प्रामाणिक वाटतो : वैद्याने इतर दहा रोग्यांसारखीच माझी नाडी पाहिली असेल, तर पैशात हिशेब मिटला, माझ्यासाठी तो जागला, काळजीत पडला, स्वतःहून काही अधिक केले, तर मिटला नाही. या कसोटीने पाहिले तर प्रत्येक वादकाचे देणे सारखे नाही. कागदावरचे वाजवून घरी जाणारा वेगळा, आणि एका कोऱ्या जागेत असा तुकडा वाजवणारा वेगळा, की पन्नास वर्षांनंतर आपण गाण्याचे शब्द विसरतो पण तो तुकडा शिट्टीवर वाजवतो.

तरी त्या कागदावरचे वाजवून घरी जाणाऱ्याचे काय? इथे आम्हांला अ‍ॅरिस्टॉटल आणि संत थॉमस अक्वायनस यांच्याकडे वळावे लागते. घाबरू नका, लवकरच परत येऊ. अक्वायनस कारणांमध्ये भेद करतात. सुतार पलंग करतो तेव्हा सुतार हा मुख्य कर्ता आणि कुऱ्हाड हे साधन. पलंग सुताराच्या मनातल्या कल्पनेसारखा होतो, कुऱ्हाडीसारखा होत नाही. म्हणून आपण तो सुताराचा म्हणतो. पत्राखाली लेखणीचे नाव कोणी लिहीत नाही. संगीतकार सुतार, वादक कुऱ्हाड, असे मानले की तबकडीचा सारा रिवाज एकदम सरळ दिसू लागतो. आम्हांला वाटते, तसे मानणाऱ्यांच्या मनात दुष्टपणा नव्हता. ते व्हायोलिन आणि व्हायोलिनवाला यांत फरक करायला विसरले, इतकेच. 'वीस व्हायोलिन, चार चेलो, दोन ट्रंपेट' अशी मागणी जाई; व्हायोलिने काही लोकल पकडून येत नाहीत.

माणसाला साधन मानणारे वाक्य तत्त्वज्ञानात फार जुने आहे. अ‍ॅरिस्टॉटल यानेच गुलामाला 'जिवंत हत्यार' म्हटले आहे. आम्ही त्याचे शिष्य म्हणून त्या पानापाशी दर वेळी खाली पाहतो. कुऱ्हाडीला चुकल्याची लाज वाटत नाही, जमल्याचा आनंद होत नाही. वादकाला दोन्ही होते. ज्याला आपल्या कामाचा आनंद होऊ शकतो, त्याचा त्या कामात वाटा आहे. आणि वाटा असेल तर 'हे कोणी केले?' या प्रश्नाच्या खऱ्या उत्तरात त्याचे नाव आहे. अक्वायनस खरेपणाला न्यायाच्या कुटुंबातला सद्गुण मानतात. खरे बोलणे हे एकमेकांना द्यायचे देणे आहे, असा त्यांचा रोख. मग नाव गाळणे हा कंजूसपणा होण्याआधी एक अर्धवट सांगितलेली गोष्ट ठरते.

पण ख्रिस्ती माणसाने नावाची हाव धरावी का? हा आक्षेप आम्हांला सर्वांत जड वाटतो. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने दान लपवून करायला सांगितले आहे आणि दवंडी पिटणाऱ्यांना त्यांचे फळ मिळून चुकले असे म्हटले आहे. आमच्या उत्तरामागे हीच शिकवण होती. युरोपातली मोठमोठी कॅथीड्रल बांधणाऱ्या असंख्य पाथरवटांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. वेरूळचे कैलास लेणे ज्यांनी कोरले, त्यांचीही नाहीत. त्यांचे काही बिघडले का?

यावर आमच्या मनात दोन गोष्टी येतात. पहिली, वेरूळला कोणत्याही एका छिन्नीवाल्याचे नाव मोठ्या अक्षरांत आणि बाकीच्यांचे पुसलेले, असे नाही. सारे कारागीर एकाच अंधारात आहेत. तबकडीवर मात्र दोघा-तिघांवर दिवा होता, आणि सगळे जण एकाच खोलीत उभे होते. जिथे कोणाचेच नाव नाही तिथे नम्रता असू शकते. जिथे काहींचे आहे आणि काहींचे नाही, तिथे उतरंड असते. आमच्या सणाच्या पत्रकावर उतरंड होती. दुसरी गोष्ट, प्रभूने लपून राहायला सांगितले ते देणाऱ्याला. घेणाऱ्याला त्याने 'देणाऱ्याला लपवून ठेव' असे सांगितलेले नाही. उलट दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच आभार मानायला परत आला, तेव्हा बाकीचे नऊ कुठे गेले हे त्याने विचारले. नम्रता हा ज्याचा त्याने पाळायचा नियम आहे. दुसऱ्याच्या वतीने आपण नम्र होऊ शकत नाही. तसे करणे फार स्वस्त पडते.

शिवाय देवाच्या वहीची गोष्ट आम्ही काढली होती, तर पवित्र शास्त्रच उघडून पाहावे. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात मंदिरातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नावे आहेत. आसाफ, हेमान, एथान यांनी झांजा वाजवायच्या, अमक्यांनी वीणा, अमक्यांनी कर्णे. पुढे त्यांची संख्याही दिली आहे, २८८. ही प्रकरणे कंटाळवाणी आहेत हे आम्ही कबूल करतो; आम्हीही ती भराभरा उलटली आहेत. आणि रोमकरांस पत्र हे संत पौलाचे म्हणून आपण वाचतो. त्याच्या शेवटच्या अध्यायात सलामांच्या मधेच एक अनोळखी माणूस डोके वर काढतो. त्याचे नाव तर्तीय. पौल सांगत होता आणि तो लिहून घेत होता. तो म्हणतो की हे पत्र मी लिहिले आहे आणि माझाही तुम्हांला सलाम. एवढेच, आणि पुन्हा पौल सुरू. पौलाने ती ओळ खोडली नाही, आणि ख्रिस्तसभेनेही खोडली नाही. लेखणीखाली लेखणी धरणाऱ्याचे नाव राहिले.

पंढरपूर आपल्यापासून फार लांब नाही. आषाढीला जाणाऱ्या दिंड्या आपण लहानपणापासून पाहतो. वारकरी परंपरेत तुकाराम महाराजांच्या चौदा टाळकऱ्यांची नावे जपली आहेत. त्यांतले संताजी जगनाडे अभंग लिहून ठेवणारे, म्हणून तर ठाऊकच आहेत. २००९ साली त्यांचे टपाल तिकीटही निघाले. सतराव्या शतकातले टाळकरी, छापखाना नाही, रेडिओ नाही, तरी चौदाची चौदा नावे लोकांनी तोंडी सांभाळली. विसाव्या शतकात छापखाना होता, तबकडीला कागदी वेष्टण होते, आणि त्या वेष्टणावर जागाही होती.

अमेरिकेतही फार निराळे घडले नाही. डेट्रॉइट शहरात १९५९ साली सुरू झालेल्या मोटाऊन कंपनीची गाणी जगभर गाजली. त्यांतली पुष्कळशी एकाच चमूने वाजवलेली, त्यांना फंक ब्रदर्स म्हणत. त्यांची नावे वेष्टणावर पहिल्यांदा छापली गेली ती १९७१ साली, मार्विन गे यांच्या एका अल्बमवर.

आपल्याकडे यासंबंधी कायद्यात जे आहे, ते वाचून आम्ही थोडे चकित झालो. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांना त्यांच्या गाण्यांच्या उत्पन्नातील वाटा कायमचा विकून टाकायला लावता येऊ नये, अशी तरतूद तिने केली आणि फार चांगले झाले. त्याच दुरुस्तीत 'सादरकर्ता' म्हणजे कोण, या व्याख्येला एक पुरवणी जोडली. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक किंवा किरकोळ स्वरूपाचे आहे आणि या धंद्याच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचा नामावलीतही कुठे उल्लेख होत नाही, त्याला सादरकर्ता समजू नये. त्याच्या कामाची नाव खराब होईल अशी मोडतोड करू नये, एवढा एकच अपवाद. आपली ओळख सांगितली जावी हा हक्क त्याला नाही. ही पुरवणी कोणाकोणाला लागू पडते, तो वकिलांचा विषय. आमचे लक्ष तिच्यातल्या तर्काकडे आहे. नाव देत नाहीत, म्हणून तू सादरकर्ता नव्हेस; सादरकर्ता नव्हेस, म्हणून नाव मागू नकोस. सेमिनरीत आमच्या वहीत असे काही सापडते, तर आमच्या प्राध्यापकांनी लाल शाईने गोल काढला असता.

याउलट आज चित्रपट संपल्यावर पाच-पाच मिनिटे नावे सरकत राहतात. मेकअपवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सर्वांची. आणि आपण काय करतो? उठून पार्किंगकडे पळतो. नाव छापले म्हणजे दखल घेतली, असे होत नाही. मान्य. तरी ज्याला शोधायचे आहे त्याला ते सापडते. आणि ज्याचे आहे तो मुलांना बोट ठेवून दाखवू शकतो. सबॅस्टियन १९९८ साली गेले, मनोहारी सिंग २०१० साली, केरसी लॉर्ड २०१६ साली. मोठे वाद्यमेळ त्याआधीच बंद पडले होते. सिंथेसायझर आले आणि चाळीस माणसांचे काम एकटा करू लागला. आज जुने गाणे मोबाईलवर लावले की गायकाचे नाव येते, चित्रपटाचे येते. बाकीचे काढायचे तर जे थोडे म्हातारे वादक उरले आहेत त्यांना विचारावे लागेल, आणि लवकर.

मागच्या आठवड्यात आम्ही आपल्या ढोलकीवाल्या बांधवांकडे गेलो. आधी चूक कबूल केली. ते म्हणाले, "राहू द्या हो फादर, मला काय त्याचं?" खरेच त्यांना काही वाटत नव्हते, असे आमचे मत झाले. त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या, त्यांच्याकडे आम्ही पाहिले नाही. मग आम्ही म्हणालो की तुमचे समाधान तुमच्यापाशी असू द्या, पत्रक आमचे आहे आणि ते अपुरे आहे, ते आम्हांला पुरे करायचे आहे. यावर ते जरा थांबले. म्हणाले, "मग माझ्या एकट्याचं नको. झांज वाजवणारं पोरगं हाय, त्याचं घाला. अन् पेटीवाल्या सिस्टरांचं. अन् माझं घालणार असाल, तर वडलांच्या नावासकट पुरं घाला. ढोलकी त्यांनीच शिकवली."

या पानाच्या मागील बाजूस सणाच्या पत्रकाची दुरुस्त यादी छापली आहे. गाणारे, वाजवणारे, झाडलोट करणारे, भांडी घासणाऱ्या भगिनी आणि माईकची वायर धरून उभा राहिलेला मुलगा, असे सर्व जण तिच्यात आहेत. नावे आम्ही चौकशी करून घेतली आहेत, तरी एखादे राहिले असेल किंवा आडनाव चुकले असेल, तर आज मिस्सानंतर सामान घरात येऊन सांगावे. पुढच्या रविवारी ते छापू.

आपला,
प्रमुख धर्मगुरू